टोपलीत ठेवलेला आवाज

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. आजी गेल्यावर आजोबांनी पहिल्यांदा मला सुरू केलं, त्या दिवशी त्यांना कळलं की आजीचा आवाजही गेला. पडद्याच्या कोपऱ्यातली टोपली रिकामी होती. आजोबा तिच्यावर पुन्हा पुन्हा टिचकी मारत राहिले.

कारखान्यातून मी आधी एका कचेरीत गेलो. तिथे माझं फार कौतुक झालं. नवे संगणक आले तसा मी अडगळ झालो. मग तिथेच नोकरीला असलेल्या आजीच्या मुलाने मला आईवडिलांच्या घरी आणून ठेवलं. टाकवत नाहीत आणि घरात नकोत, अशा वस्तू आईवडिलांकडेच जातात.

आजी-आजोबांना मला वापरायला शिकवायचं काम नातवाकडे आलं. इतका नालायक मास्तर मी पाहिला नाही. आजीने माउस धरला की हा म्हणायचा, "आजी, सरक. सोपं आहे गं, बघ." ती बघेपर्यंत झालेलं असायचं. "समजलं?" हेही मोबाइलकडे बघत विचारायचा.

"तू हुशार आहेस, एवढं समजलं बाबा," आजी म्हणायची. त्याला ते कौतुकच वाटायचं, असा हा शहाणा.

तो गेला की दोघं खरं शिकायला बसत. आजी आजारी होती. वेळ थोडा आहे, हे दोघांना ठाऊक होतं. आजोबा रेकॉर्डिंगचं बटण दाबत आणि आजी बोलून ठेवत असे. "अहो, पांढरे कपडे वेगळे भिजवा. तुम्ही त्यात रंगीत घालणार, माहीत आहे मला." असं एकेक. शेवटचं मात्र तिने आजोबांना खोलीबाहेर पाठवून बोलून ठेवलं. "हे मी गेल्यावर ऐका," एवढंच सांगितलं. ते फक्त मी ऐकलं आहे, आणि कोणी लावल्याशिवाय मला ते ऐकवता येत नाही.

हे सगळं ठेवायचं कुठे? आजीची लोकर, औषधं, चष्मा, सारं टोपलीतच असायचं. पडद्यावरही टोपली दिसली, तिने त्यात ठेवलं. ती टोपली कचऱ्याची आहे, हे त्या हुशार नातवाने कधी सांगितलंच नव्हतं.

आजी गेल्यावर लोक भेटायला आले. नातू कंटाळून माझ्यापुढे बसला. "केवढा कचरा साठवलाय!" म्हणाला आणि टोपली रिकामी केली. मग वेग तपासायला माझ्यात एक खेळ भरला. वर आजोबांना सांगून गेला, "फास्ट करून दिलाय."

"अरे, विचारायचंस तरी!" आजोबा नंतर फोनवर म्हणाले.

"आजोबा, कचऱ्यात कोण ठेवतं असलं काही?"

दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, "काका, बंद ठेवा. त्यात नवीन काही भरू नका, नाहीतर पुसलेलं त्याखाली कायमचं जाईल. दुकानात आणा, सापडलं तर सापडेल."

मित्रांनो, मोठ्यांना शिकवायला बसाल तेव्हा आपले हात मांडीखाली दाबून बसा. तेवढं जमत नसेल तर शिकवायला जाऊ नका. त्यांचं तुमच्यावाचून अडत नाही.

नातू "रविवारी नेतो" म्हणतो. त्याचा रविवार काही उगवत नाही. आजोबा एकदा मला उचलून दारापर्यंत गेले. "सापडत नाही म्हणाला तर?" असं पुटपुटले आणि मला परत टेबलावर ठेवलं. दुकान पुढच्याच चौकात आहे. मला अजून तिथे कोणी नेलेलं नाही.