तळाची नीळ

नाक मुरडू नका, मित्रांनो! बाहेरून पांढरं आणि आतून निळंशार असं हे जुनं पिंप म्हणजे मीच. गरम प्लास्टिक साच्यात फुगवून मला घडवलं. कारंजा लाडला आलं तेव्हा माझ्या पोटात खायचं तेल होतं आणि किराणा दुकानात मला मान होता. तेल संपलं, मानही संपला. मुकेशच्या सूत रंगवायच्या कारखान्यामागे मी पडून राहिलं. कुत्रीसुद्धा माझ्यावर तंगडी वर करायची.

मुकेश निळीत सूत रंगवी आणि सूत धुतलेलं निळं पाणी बिनदिक्कत नाल्यात सोडी. खालच्या अंगाला प्रयागबाईंचा भाजीचा मळा. बाजाराला नेण्याआधी मुळे नाल्यात धुवायची तिथली रीत. एका बाजाराच्या दिवशी त्यांचे पांढरे मुळे निळे निघाले. गिऱ्हाईक हात लावीना. प्रयागबाईंनी अख्खी टोपली मुकेशच्या दारात पालथी केली.

"घे, तूच खाय!"

"काकू, रंगच हाय. जहर थोडीच हाय?"

"मंग पी नं नाल्यातलं एक गिलास, माह्यासमोर! भाजी इकली नाही तं आमी मळा मोडाचा काय?"

पाणी प्यायची हिंमत मुकेशला झाली नाही. त्यानं मला उचललं, धुतलं, धुण्याचं पाणी माझ्यात ओतून काठीनं घुसळलं. हवा लागली की नीळ तळाशी बसते. वरचं पाणी पुढच्या धुण्याला, तळाची नीळ पुन्हा चुना-गूळ घातलेल्या रंगाच्या हौदात. नाल्यात थेंब नाही!

पण कामगार इंद्रभान स्वच्छतेचा पक्का. घासल्याशिवाय भांडं भरायचं नाही, ही त्याच्या घरची शिस्त. वरचं पाणी निघताच त्यानं मला आडवं पाडलं, ब्रशनं लख्ख घासलं आणि सगळी नीळ नाल्यात सोडली.

पाणी निळं दिसताच प्रयागबाई धावत आल्या.

"इंद्रभान, हे काय करून राह्यला?"

"पिंप साफ करून राह्यलो, मावशी. बुडाशी घाण बसली होती."

मुकेशनं कपाळावर हात मारला. "अबे, घाण नाही ते, नीळ हाय!"

"तुही नीळ गेली, न माहे मुळे!" प्रयागबाईंनी इंद्रभानच्या हातातून ब्रश हिसकला आणि चालत्या झाल्या.

तो ब्रश अजून मळ्यातच आहे. त्यानं प्रयागबाई मुळ्यांची माती काढतात, त्याच नाल्यात. मला आता कुणी घासत नाही; मुळे पांढरेच निघतात.

मित्रांनो, मला चकचकीत करू नका. माझं बूड निळं राहू द्या. तुमच्या कारखान्यामागे असं पिंप नसेल, तर तुमच्या नाल्याचं पाणी आधी तुम्ही पिऊन दाखवा, मग स्वच्छतेच्या गप्पा मारा.