मीरा काय म्हणते

प्राचीने फळ्यावरचा ‘चांगली’ हा शब्द पुसला आणि खडू हातात धरूनच ती वर्गाकडे वळली.

“चांगली म्हणजे कशी, ते सांगा. आणि जो स्वभाव सांगाल, त्याचं वाक्य गोष्टीत दाखवायचं.”

नायगावातल्या त्या पालिकेच्या शाळेत चौथीला एकतीस मुलं होती. गोष्ट प्राचीनेच लिहून आणली होती. गावची जत्रा असते, घरातले सगळे निघतात, पण शेळी व्यायला झालेली असते. कुणीतरी तिच्याजवळ थांबायला हवं म्हणून दहा वर्षांची मीरा मागे राहते. संध्याकाळी काकी तिच्यासाठी बांगड्या आणते. एवढीच गोष्ट.

“प्रेमळ,” अमित म्हणाला. “ती शेळीला पाला घालते. तिसरी ओळ.”

“शाब्बास. अजून?”

“समजूतदार!” तीन-चार आवाज एकदम आले.

“वाक्य?”

“‘आमची मीरा फार समजूतदार आहे,’” राहुलने वाचून दाखवलं.

प्राचीने शब्द फळ्यावर लिहिला. पहिल्या बाकावरची श्रेया अजून कागदावरून बोट फिरवत होती.

“बाई, ते काकी म्हणते.”

“मग?”

“मीरा काय म्हणते?”

“शोध बरं.”

सगळा वर्ग शोधू लागला. प्राचीनेही कागद उचलला. अक्षर तिचंच होतं. काकी बोलत होती, आजोबा बोलत होते, बांगडीवालासुद्धा दोनदा बोलला होता. मीराच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं.

“ती बोलतच नाही,” श्रेया म्हणाली. “मग तिला जत्रेला जायचं होतं का, ते आपल्याला कसं कळणार?”

प्राचीने ‘समजूतदार’पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते जरा वाकडं आलं.

मुलांना वाचायला कसं शिकवावं, याचं वर्षभराचं प्रशिक्षण पुण्याला होतं. तिथेच राहून करायचं. सगळ्या विभागातून दोघींची निवड झाली होती, त्यातली एक प्राची. पण चार वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्यांचं सगळं तीच बघत होती. शाळेच्या वेळेत शेजारच्या सुंदराबाई येऊन बसायच्या, तेवढंच. काल संध्याकाळी तिचा नवरा गौतम याने आपल्या बहिणीला, सीमाला, फोनवर सांगून टाकलं होतं, “छे गं, ती कुठे जातेय! प्राची समजूतदार आहे.” प्राची तेव्हा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नव्हता. आज सकाळी तिने नकाराचं पत्र मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवलं होतं.

शाळा सुटल्यावर ती त्यांच्याकडे गेली.

“मॅडम, माझं ते पत्र...”

“पाठवलं की दुपारीच. का गं?”

“परत घेता येईल?”

मॅडमनी चष्मा काढला. “घरी बोललीस?”

“अजून नाही.”

“सोमवारी तुझ्या जागी दुसरं नाव घालतील,” मॅडम म्हणाल्या. “त्याआधी काय ते सांग. पण नक्की सांग.”

राहती बीडीडी चाळ पाडायला घेतली तेव्हा प्राचीच्या घरच्यांना तात्पुरती खोली मिळाली होती, सातव्या मजल्यावर. तिथे आल्यापासून तिचे सासरे, कुशाबा, एकदाही खाली उतरले नव्हते. प्राचीने त्यांच्या पाठीशी उशी लावली आणि पेज भरवायला बसली.

“अप्पा, मी वर्षभर इथे नसले तर?”

झटक्यानंतर कुशाबांची जीभ जड झाली होती. एकेक शब्द बाहेर यायला वेळ लागायचा. पहिलं अक्षर ऐकलं की प्राचीच वाक्य पुरं करायची. पाणी हवंय. पंखा लावायचाय.

“सी... सीमा...”

“वन्संची आठवण येते?”

त्यांनी डाव्या हाताने चमचा बाजूला सारला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ती थांबली.

“सीमाकडं... जायचंय. तळमजला... तिचा. बाहेर... बसता येतं.”

सीमा अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहायची. ‘अप्पांना माझ्याकडे ठेवा’ असं ती सुरुवातीला दोनदा म्हणाली होती. मग तिने म्हणायचं सोडलं.

“कधीपासून वाटतंय तुम्हाला?”

“लय दिस.”

“मग बोलला का नाहीत?”

“गौतमला... बोललो. म्हनला... प्राचीला... वाईट वाटंल.”

प्राचीने वाटी खाली ठेवली. त्यांच्या हनुवटीवर आलेला पेजेचा ओघळ पुसायचा राहून गेला. त्यांनीच तो हळूहळू मनगटाने पुसला. खालून कुठूनतरी पोरांच्या खेळण्याचा आवाज येत होता. दोघंही खिडकीकडे बघत बसले.

दाराला किल्ली लागली. गौतम आत आला आणि दोघांना असं बसलेलं बघून दारातच थबकला.

“काय झालं? अप्पांना काय हवंय?”

सवयीने उत्तर प्राचीच्या ओठांवर आलं होतं. ती उठली. खुर्ची पलंगाजवळ ओढून तिने त्याला बसायची खूण केली.

“सी...” कुशाबांनी सुरुवात केली.

“सीमाला फोन लावू?” गौतमने खिशातून मोबाइल काढला.

“थांब,” प्राची म्हणाली. “त्यांचं बोलून होऊ दे. मग मला बोलायचंय.”