दारापुढच्या फेरीतला तुंबा

सुर्रर्र.

दुपारी सगळं दुरास्नो गाव दारं लावून झोपतं, तेव्हा या दोन खोल्यांत एवढाच आवाज होतो. नळीला ओढायला पाणी उरलं नाही की तो माझ्या पोटातून निघतो. मित्रांनो, मी तुंबा आहे. वेलीवर वाढलो, गळ्याशी कापला गेलो आणि तेव्हापासून माणसांच्या ओठांपुढे फिरत आलो. आता जुना झालो आहे, काठाला चीर गेली आहे. पण कान शाबूत आहेत. तुंब्याचं सगळं अंगच कान असतं.

माझा जन्म यी नदीच्या काठी एका मळ्यात झाला. उन्हाळाभर मी वेलीवर लोंबलो, थंडीत वाळून खुळखुळा झालो. मग एका म्हातारीने करवतीने माझा माथा उतरवला, बिया खरवडून काढल्या आणि येर्बाचा ओला चोथा माझ्यात ठासून भरून ठेवला. येर्बा म्हणजे वाळवून कुटलेला पाला. तो माझ्यात भरायचा, वर गरम पाणी ओतायचं आणि नळीने ओढून प्यायचं. आत कडूपणा मुरल्याशिवाय तुंबा कामाचा होत नाही. माझ्यात तो चांगला मुरला.

मला घरी नेलं ते एवारिस्तो यांनी. ते शाळा तपासणारे साहेब होते. नोकरी संपली तरी तपासणी संपली नव्हती. त्यांनी माझ्या काठाला चांदीची कड बसवली, चांदीची नळी आणली. रोज संध्याकाळी ते खुर्च्या दारापुढे रस्त्याच्या कडेला मांडत, शेजारी किटली ठेवत आणि मला हातात घेत. औषधवाला येई, वकील येई. असा फेस दुसऱ्या कुठल्या तुंब्यात धरत नाही, असं दोघेही म्हणत. मी फुगून जाई.

एकाच तुंब्यातून सगळ्यांनी प्यायचं, ही आमची रीत. एकजण पाणी ओततो आणि तुंबा एकाला देतो. तो रिकामा करून परत करतो, मग पुढच्याला. म्हणजे सगळी सत्ता ओतणाऱ्याकडे. एवारिस्तोंनी या सत्तेची शाळा केली होती. त्यांच्या मते माणूस कशाबद्दल बोलतो त्यावरून त्याचं डोकं ओळखावं. शेजारपाजारच्या माणसांबद्दल बोलणारे पहिलीत. काय घडलं ते सांगणारे तिसरीत. आणि प्रगती, न्याय, राष्ट्राचं भवितव्य अशा विषयांवर बोलणारे वरच्या वर्गात. वरच्या वर्गातले तिघेच होते, आणि तिघेही त्या खुर्च्यांवर बसलेले असत. त्यांची वाक्यं मी इतकी ऐकली होती, की कोणत्या शब्दाला औषधवाला मान हलवणार हे मला आधीच कळे.

चौथ्या खुर्चीवर सून बसे. नेलिदा तिचं नाव. कातडी कमावणाऱ्याच्या घरची. तिचा नवरा वाल्देमार टपाल कचेरीत कामाला होता. वडिलांपुढे तो दारात उभा राहूनच प्यायचा. नेलिदाच्या पायाशी तिची मुलगी मिर्ता बसे.

नेलिदा माणसांबद्दल बोले. धुणं धुणारी रमोना दोन दिवस दिसली नाही, असं काहीतरी सुरू करी. तिने तोंड उघडलं की एवारिस्तो तिच्याकडे न बघता मला पुढच्याच्या हाती देत. तिची पाळी गेली. शिवी नाही, आवाज नाही. औषधवाला आपल्या बुटांकडे बघे आणि पिऊन टाकी. मिर्ता मान वर करून माझ्याकडे बघे, मी कुठून कुठे गेलो ते.

पुढे शाळेतून निरोप आला, की मुलगी वर्गात बोलत नाही. विचारलं तर खाली बघते. एवारिस्तो म्हणाले, त्यात नवल काय, घरात तिने ऐकलंय काय तर कुणाची मुलगी कुणाबरोबर दिसली. त्यांनी ठरवून टाकलं. उन्हाळा संपला, शाळा सुरू व्हायची वेळ आली, की मिर्ताने मोंतेविदेओला त्यांच्या बहिणीकडे, ओर्तेन्सियाकडे राहायला जायचं. तिथे चार शहाणी माणसं येतात-जातात. मुलगी तिथे वाढली तर डोकं तरी वापरायला शिकेल. आईने सणाला येऊन भेटावं.

नेलिदा नवऱ्याशी भांडली. तो म्हणाला, बाबांनी आयुष्यभर मुलंच पाहिली आहेत, त्यांना कळत असेल. त्या संध्याकाळी तिने मला इतकं घासलं की माझी कड वाकली.

मग तिने एक वेडेपणा केला. ओर्तेन्सिया येऊन मुलीला घेऊन जायच्या आधी तिला दाखवून द्यायचं होतं, की या घरातही विचार केला जातो. स्वयंपाकघरात मला धुताना ती मोठमोठ्याने बोलू लागली. माणूस मोकळा असतो म्हणजे नक्की कशापासून मोकळा. म्हाताऱ्याचा एक दिवस आणि मुलाचा एक दिवस सारखाच लांब असतो का. एखादं वाक्य नीट जमलं की ती माझ्याकडे बघून मान हलवी, अगदी औषधवाल्यासारखी. मिर्ता दाराआडून ऐके आणि हसे. त्या घरात मी ते हसणं पहिल्यांदा ऐकलं.

ओर्तेन्सिया आली. हातमोजे, पंखा आणि बसच्या धुळीबद्दल तक्रार. खुर्च्या मांडल्या गेल्या. मिर्ताची पेटी बांधून दारामागे ठेवलेली होती. पहिली फेरी झाली आणि नेलिदाने हात मांडीवर घट्ट धरून विचारलं, "आत्या, मी विचार करत होते, मुलांचा दिवस लांब असतो आणि म्हाताऱ्यांचा आखूड. मग दोघं एका घरात राहतात ती एकाच वेळेत राहतात का?"

एवारिस्तो म्हणाले, "सूनबाई, हे रेडिओवर कधी लागलं होतं?"

वकील हसला. ओर्तेन्सिया पंख्याआडून हसली. मी पुढे सरकलो.

आणि मग ओर्तेन्सिया बोलायला लागली. न्यायाधीशांच्या बायकोने दागिने कसे विकले. सर्जन साहेबांचं दुसरं बिऱ्हाड कोणत्या गल्लीत आहे. सिनेटरच्या मुलीला घाईघाईने आजीकडे का पाठवलं. एवारिस्तो पुढे झुकून बसले होते. "आणि मग?" ते विचारत. "तो काय म्हणाला? बाईने ऐकून घेतलं?" मित्रांनो, त्या संध्याकाळी ओर्तेन्सियाला त्यांनी जो फेस धरून दिला, तसा माझ्यात पुन्हा कधी धरला नाही.

नेलिदा ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, हे कोणत्या इयत्तेतलं?"

"काय?"

"आत्या बोलतात ते. पहिलीतलं की वरच्या वर्गातलं?"

एवारिस्तोंनी किटली खाली ठेवली. "त्या लोकांना काही किंमत आहे, नेलिदा. त्यांच्याबद्दल बोलणं म्हणजे देशाबद्दल बोलणं. तुझ्या धोबिणीबद्दल बोलणं म्हणजे धोबिणीबद्दल बोलणं."

"रमोना तापाने पडली होती. मी नाव काढलं तेव्हा तुम्ही तुंबा पुढे दिलात. घरी जाऊन बघितलं मी, तर घोटभर पाणी द्यायलाही कुणी नव्हतं."

"बघ ओर्तेन्सिया," एवारिस्तो म्हणाले, "हे असं रोज. म्हणून मुलगी मुकी झाली."

वाल्देमार दारात चुळबुळला. नेलिदा उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"मुकी का झाली ते मी सांगते. ती रोज इथे बसते आणि बघते. तिची आई तोंड उघडते आणि तुंबा पुढे जातो. शाळेत बाईंनी विचारलं की तिला तेच दिसतं. बोललं की आपली पाळी जाते. माझ्या बोलण्याने नाही गेली तिची वाचा, बाबा. ती तुमच्या या हाताने गेली."

औषधवाल्याने घसा साफ केला. एवारिस्तोंचा चेहरा आधी लाल झाला, मग दगडासारखा. त्यांनी मला उचललं. चोथा बदलला नाही. शेजारी पडलेल्या भांड्यातलं गार पाणी त्यांनी माझ्यात ओतलं आणि मला नेलिदापुढे धरलं. गार, धुऊन बेचव झालेला तुंबा हातात दिला की उठून जा असं सांगितलं, हे आमच्याकडे पोरालाही कळतं.

मला वाटलं ती मला रस्त्यावर आपटेल. तिने मला दोन्ही हातांत घेतलं, ते गार पाणी शेवटच्या घोटापर्यंत ओढलं आणि मला परत करून म्हणाली, "आभारी आहे." फेरीत आभार मानले म्हणजे, माझ्यासाठी पुन्हा ओतू नका, असं सांगणं. मग तिने मिर्ताचा हात धरला आणि ती पेटी उचलायला वळली.

"जाऊ दे तिला," ओर्तेन्सिया म्हणाली. "मलाही ही मुलगी नकोच. आईची जीभ घेऊन आली असेल, आज नाही तर उद्या फुटेल. पाहुण्यांपुढे मला ते शोभायचं नाही."

असं ते सुटलं. कुणाला पटलं म्हणून नव्हे, कुणाला पाझर फुटला म्हणूनही नव्हे. नको म्हणून ती मुलगी आईला मिळाली. नेलिदाने तेवढंही घेतलं.

त्यानंतर एवारिस्तोंनी मला ओठांना लावलं नाही. तिचे ओठ मला शेवटचे लागले होते ना. तो चोथा माझ्या पोटात तसाच राहिला आणि स्वयंपाकघराच्या फळीवर मी आतून कुजत गेलो. बुरशी आली, चीर गेली. एकदा त्यांनी माझी चांदीची कड उचकटून घेतली आणि मला अंगणातल्या कचऱ्यात टाकलं. वाल्देमार बायकोने गावातच घेतलेल्या या दोन खोल्यांत राहायला निघाला, तेव्हा त्याच्या काखेत चौथी खुर्ची होती. त्याने मला कचऱ्यातून उचलून खिशात घातलं. वडिलांना काही बोलला नाही. त्याचं बोलणं तेवढंच.

नेलिदाने मला चमच्याने खरवडलं, पाण्याने विसळलं, उन्हात तोंड उघडं ठेवून वाळवलं. मित्रांनो, तुमच्या घरी तुंबा असो वा नसो, एवढं ऐका. कालचा चोथा आत ठेवून कुठलंच भांडं झाकू नका. वरून ते चकाकत राहतं, आत काय चाललंय ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा बुरशी भिंतीत शिरलेली असते. रोज रिकामं करा, रोज वारा लागू द्या. आणि ज्याच्या हातात किटली आहे त्याने समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यावं.

आता या दोन खोल्यांत ओतते ती नेलिदा. मिर्ता लहान आहे, म्हणून तिच्यासाठी माझ्यात पाण्याऐवजी गरम दूध आणि साखर घालतात. ती बोलते, देवा, किती बोलते. शाळेतल्या बाईंच्या नवीन चपला, रमोनाची कोंबडी, मुंग्यांना झोप येते का. मला कधी कधी फळीवरची शांतता आठवते.

आज दुपारच्या झोपेनंतर रमोना आली. ती एवारिस्तोंची नक्कल करत होती, मान ताठ करून, किटली धरल्यासारखा हात करून, आणि नेलिदा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मिर्ता माझ्यातलं दूध पीत होती. ती मध्येच म्हणाली, "काल चौकात आजोबा दिसले. बाकावर एकटेच होते. नवा तुंबा मांडीवर होता आणि पलीकडे कुणी नव्हतं. मी हात केला तर त्यांनी पण केला."

नेलिदाचं हसू थांबलं.

"त्या माणसाबद्दल या घरात बोलायचं नाही," ती म्हणाली.

मिर्ताने मला तोंडापासून दूर केलं. तिने रमोनाकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग आई, कुणाबद्दल बोललेलं चालतं?"