इवायाला दिलेला प्लॉट

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि माझ्या गुडघ्यांत दम नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचं म्हटलं की आदल्या दिवशीपासून मी गुडघ्यांना तेल चोळत बसते. भाजी मी दोरीला पिशवी बांधून वर ओढते आणि हळदीकुंकवाची बोलावणी काहीतरी बहाणे सांगून टाळते. म्हणून मागच्या गल्लीतल्या यमुताईंनी आपलं तळमजल्याचं घर विकायला काढलं, तेव्हा मला देवच पावला. दारात एकच पायरी, तीही बुटकी. पैसे उभे करायला हिंगण्याचा आमचा रिकामा प्लॉट विकायचा होता. यमुताई दिवाळीपर्यंत थांबायला तयार होत्या.

"शालिकरामले सांगा," मी ह्यांना म्हटलं. शालिकराम म्हणजे चौकातल्या पानठेल्याजवळ स्कूटर लावून बसणारा प्रॉपर्टीवाला. सोसायटीतले अर्धे सौदे त्यानेच करून दिलेले.

"त्याले काहून दोन टक्के द्यायचे? आपल्याले तोंड नाही का?"

हे जन्मभर एमआयडीसीत सुपरवायझर होते. जगात आपल्याशिवाय कोणाला काही जमतं, असं त्यांना अजूनही वाटत नाही. तोंड होतं ना, म्हणून त्यांनी काय केलं, तर प्लॉटची गोष्ट आधी आमच्या ऋतुजाच्या सासऱ्यांच्या कानावर घातली. ऋतुजा आमची एकुलती एक, उमरेडला दिलेली. यमुताईंच्या घराचं तिला सांगितलं होतं, त्याचे पैसे प्लॉटमधून येणार हे मात्र नाही. तिचे सासरे ताराचंद, म्हणजे आमचे व्याही, आमच्या बोलीत इवाई; त्यांचं सिमेंट-लोखंडाचं दुकान. लगेच त्याच रविवारी ते हजर. प्लॉटवर नारळ फोडला, सौदा पक्का म्हणून ह्यांच्या हातावर सुपारी ठेवली आणि म्हणाले, "बाहेर कशाले विकता जी? घरातली वस्तू घरात राहीन. भावाचं पाहून घेऊ आपण."

भाव ठरलाच नाही. ठरवणार कोण? मुलीच्या सासऱ्याला "किती देता?" असं तोंड वर करून विचारायची आमच्यात रीतच नाही. हे मात्र पेढे घेऊन घरी आले. मी पेढ्यांचा पुडा न उघडताच कपाटात ठेवला.

पंधरवड्यात इवायांनी प्लॉटला तारेचं कुंपण घातलं, पत्र्याची शेड ठोकली आणि आत सिमेंटच्या गोण्या रचल्या. पैशांचं मात्र "देऊ ना जी, पळून चाललो का?" एवढंच. दसरा झाला. दुसऱ्या कोणाला विकावा, तर ह्यांनी सुपारी घेतल्याचं साऱ्या नात्यात पसरलेलं. आता माघार घेतली तर बोलणी कोणाला ऐकून घ्यावी लागली असती? माझ्या पोरीला.

मग मीच शालिकरामला वर बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि मान हलवली.

"काकू, आता मी गेलो तं ते म्हणतीन, घरच्या बोलण्यात दलाल धाडला. ऋतुजाताईले तरास होईन. आधी सांगतलं असतं तं भाव मीच बोललो असतो, तारीख मीच मागतली असती, शिव्या मीच खाल्ल्या असत्या. तुमचं नातं तसंच राहिलं असतं. आमचं कामच ते आहे."

 मला ह्यांचा इतका संताप आला की कपबशी उचलताना मी ती आपटलीच.

दिवाळी तोंडावर आली आणि यमुताईंचा फोन आला. एक गिऱ्हाईक इसार द्यायला तयार आहे, रविवारपर्यंत काय ते सांगा. शनिवारी आम्ही उमरेडची बस धरली.

"तुमच्यानं बोलणं होत नसन तं मी बोलीन," मी ह्यांना बसमध्ये बजावलं. मी बोलणारी बाई आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बिल्डरला घाम फोडला होता.

इवायांनी फार अगत्य केलं. तर्री-पोहे झाले, शिरा झाला. मी पदर सावरला आणि म्हटलं, "इवाई, ते प्लॉटचं..."

"हाव ना, इनबाई," ते हसले. "माल अडकून राहिला ना जी. होऊन जाईन. पोरीचा बाप आन् पोराचा बाप, आपल्यात कायचा व्यवहार?"

आता गुडघ्यांचं सांगायचं, यमुताईंचं सांगायचं, सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात ऋतुजा दिसली. हातात चहाचा ट्रे, पुढे तिची सासू. सासूच्या पाठीमागून ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, अगदी बारीक. नको, आई. डोळे काठोकाठ भरलेले. ह्या प्लॉटवरून तिला इथे काय काय ऐकावं लागत असेल, ते मला तेव्हा कळलं. माझी छातीच झाली नाही.

"हाव, आपल्यात कायचा व्यवहार," मी म्हटलं आणि वर हसलेसुद्धा. 

संध्याकाळच्या बसने आम्ही परतलो. बिल्डिंगखाली पोचल्यावर मी जिन्यातच बसले आणि यमुताईंना फोन लावला.

"देऊन टाका त्यायले घर."

"अवं पण मनकर्णा, तुले तं..."

मी फोन बंद केला. आयुष्यात इतकी हतबल मी कधी झाले नव्हते. हे पुढ्यात उभे होते, चेहरा पार उतरलेला.

"बोल ना वं मले काहीतरी," ते म्हणाले. "शिव्या दे."

कोणत्या तोंडाने देणार? वेळ आली तेव्हा मीही भाव विचारला नव्हता. मी त्यांच्या हाताला धरून उठले. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो, तर ऋतुजाचा फोन.

"आई, तू काही बोलली नाही, लय बरं झालं. इथं आज सगळे खूश आहेत." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "यमुताईच्या घरात कधी जाणार आहा तुमी? तुले मंग जिना नाही चढावा लागणार ना?"

"नाही वं बाई," मी म्हटलं, आणि फोन ह्यांच्या हातात देऊन कठडा धरला. अजून एक मजला चढायचा होता.