चोरीला जाणारे बूट

आरोहीचे बूट दर पंधरा दिवसांनी करंगळीपाशी फाटायचे. स्केटबोर्डावर चिकटवलेला पॉलिश पेपर बुटाचं कापड खाऊन टाकतो, त्याला ती नऊ वर्षांची पोर काय करणार? शेवटी उज्वलाने लेकीचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, करंगळीच्या जागी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावला आणि स्वतःच बूट शिवले. आपण शिवलेल्या बुटांत पोरीनं बोर्डावरून एक उडी मारावी, एवढंच तिला बघायचं होतं.

पण बोर्डावर चढण्याआधीच तिच्या सासूबाई, सिंधुबाई, नातीला नवे बूट घालून देवळात घेऊन गेल्या. बाहेर येऊन बघतात तर बूट गायब.

आरोहीनं भोकाड पसरलं. सिंधुबाई मात्र खूश. "अगं, देवळाबाहेरून चपला गेल्या की पीडा जाते. आणि हे तर नवेकोरे!" दुसऱ्या दिवशी त्यांचा तीन वर्षं दुखणारा गुडघा दुखायचा थांबला. त्यांनी अख्ख्या कॉलनीला चालून दाखवलं.

मग काय, दारात रांग. कुणाला मुलाचं लग्न जमवायचं, कुणाला बदली टाळायची.

"अहो, हे स्केटिंगचे बूट आहेत," उज्वला सांगून थकली.

"असू द्या हो. आम्हाला कुठं घालायचेत? देवळाबाहेर तर ठेवायचेत."

वर्ष व्हायच्या आत अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाळा झाला, शिलाईला आठ बायका आल्या, खोक्यांवर 'आरोही स्केट शूज' असं छापून आलं. सटाण्याचे एक गृहस्थ तर तक्रार घेऊन आले. "ताई, पाच मंगळवार देवळाबाहेर ठेवले, कुणी हात लावंना. बदलून द्या." उज्वलाने लाल नाड्यांचा जोड दिला. पुढच्या आठवड्यात ते पेढे घेऊन हजर.

आणि आरोही? ती बाजारच्याच बुटांना चिकटपट्टी लावून खेळत होती. "आई, माझे?" म्हटलं की, "एवढी ऑर्डर जाऊ दे, सोन्या." आता रविवारी तिची स्पर्धा होती.

गुरुवारी गाळ्यात पांढरी टोपी घातलेले एक निवृत्त मास्तर आले. "मी रावजी. देवळाबाहेरचे ते बूट मीच नेतो."

"सगळे?"

"लोक इतक्या आशेनं ठेवतात, नाही म्हणवत नाही. पण बाई, आता घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. जरा दमानं बनवा." मग त्यांनी पिशवीतून एक चिमुकला जोड काढला. "हा पहिला. एवढ्याशा लेकराला कसली आलीय पीडा? म्हणून परत आणला."

कोपऱ्यात अभ्यास करत बसलेल्या आरोहीनं झडप घालून पाय आत सारला. टाच बाहेरच राहिली.

उज्वलाने उठून शटर खाली ओढलं. बाहेर गिऱ्हाईक ओरडत होतं, ओरडू दे. तिने जुना कागद शोधून त्यावर लेकीचा पाय ठेवला. बोटं जुन्या रेघेच्या पार पुढे गेली होती. ती अगदी सावकाश पेन्सिल फिरवत राहिली.

"आई, गुदगुल्या होतायत गं!"

"होऊ देत."

रविवारी निघताना सिंधुबाई म्हणाल्या, "आधी देवळात..."

"नाही!" मायलेकी एकदम ओरडल्या.

स्पर्धेला रावजी पहिल्या रांगेत, नजर सगळा वेळ आरोहीच्या पायांवर. उज्वलाने डोळे वटारले.

"पायातले नेत नाही मी," ते दुखावून म्हणाले.

आरोहीनं उडी मारली, पडली. उठून परत मारली, आणि या वेळी बोर्डावरच उतरली. नंबर कुणाचा आला ते उज्वलाने ऐकलंही नाही. पोर धावत आली, पाय वर करून म्हणाली, "आई, घासला बघ!"

करंगळीपाशी ट्यूबवर एक पांढरा ओरखडा उठला होता. कंपनीच्या इतक्या जोडांवर उठलेला तो पहिलाच. उज्वलाने त्यावरून हलकेच अंगठा फिरवला.

"जा, अजून घास."