कोकिळा सिस्टरनी सांगितलं होतं

"माणसाचं वाटोळं क्रियापदं करतात, नामं बिचारी गरीब गाय असतात," असं जाहीर करून जीवराम सरांनी हातातलं लिंबू वर फेकलं. ते पंख्याच्या पात्यावर आपटलं आणि मेट्रनबाईंच्या मांडीत पडलं.

जळगावच्या त्या खाजगी हॉस्पिटलात तपासणी समिती यायची होती. समिती इंग्रजी वाचते म्हणून सगळ्या सिस्टरनी नोंदी इंग्रजीत लिहायच्या, असं ठरलं होतं. त्यासाठी मॅनेजर योगेंद्र सरांनी धुळ्याच्या देवपुरातून हे निवृत्त मास्तर आणले. दर रविवारी ते एसटीने येत, चहा दोनदा घेत आणि खिशातून लिंबू काढत.

"वर नुसतं फेकलं ते 'से'. कोणी झेललं, नाही झेललं, आपल्याला काय. मी तुमच्याकडे, तुम्ही माझ्याकडे, ते 'टॉक'. आणि हे..." सरांनी परत आलेलं लिंबू कोकिळा सिस्टरच्या तळहातावर ठेवलं. "मिटा मूठ. हे 'टेल'. समोरच्याच्या हातात पोचलं. आता मिळालंच नाही म्हणायची सोय नाही त्याला."

बाकीच्या हसल्या. कोकिळाने वहीत लिहून घेतलं. बावीस वर्षं नोकरी करूनही तिची ही खोड गेली नव्हती. शिकवलेलं तिच्या लक्षात राहत असे.

दोन महिन्यांनी भडगावकडचे झुलाल आबा पायाची जखम चिघळली म्हणून दाखल झाले. "यास्ले पेनिसिलिन चालत नही हो ताई," त्यांच्या बायकोने, भिकुबाईंनी, पहिल्याच सकाळी बजावलं. कोकिळाने ते फाइलवर लाल शाईने लिहिलं. राउंडला डॉक्टर आले तेव्हा खाटेपाशी उभं राहून सांगितलंही. डॉक्टर फोनवर होते. त्यांनी मान हलवली, "हं" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारी त्यांनी पेनिसिलिनच लिहिलं. दुपारपाळीच्या सिस्टरने दिलं. आबा तीन दिवस व्हेंटिलेटरवर राहिले आणि केवळ चिवटपणामुळे परत आले. समितीसाठी फाइली नव्याने सुवाच्य अक्षरात उतरवणं चालू होतं; त्या गडबडीत लाल शाईची ओळ गळून पडली. नेमकी तेवढीच.

"सही करा, सिस्टर." योगेंद्र सरांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. कागद इंग्रजीत होता. तो आबांच्या इंजेक्शनच्या चौकशीसाठी जाणार होता आणि कोकिळाची नोकरी त्याच्यावर टांगलेली होती.

तिने तो सावकाश वाचला. "सर, इथे 'सिस्टर टॉक्ड विथ डॉक्टर' लिहिलंय. 'टोल्ड' पाहिजे. काय टोल्ड, तेही पाहिजे."

"एकच असतं हो. बोलणं काय, सांगणं काय."

"मग बदला ना. एकच आहे तर तुमचं काय जातं?"

योगेंद्र सरांचं पुष्कळ जात होतं. सिस्टर नुसत्याच बोलल्या असतील, तर ॲलर्जीचं सांगायचं त्यांच्याकडून राहिलं. सांगितलं असेल, तर डॉक्टरांनी कळूनही ते इंजेक्शन लिहिलं. आणि डॉक्टर हॉस्पिटलचे मालकही होते.

मालक स्वतः आले. खुर्ची असून बसले नाहीत. "सिस्टर, तुमचा आवाज माझ्या कानावर आला असेल. मी ऐकलं, असं कशावरून?"

"तुम्ही 'हं' म्हणालात, सर."

"ते फोनवरच्याला."

"फोनवरच्याकडे बघून नाही म्हणालात. माझ्याकडे बघून म्हणालात."

"बघून म्हणजे नजर गेली असेल."

कोकिळाने कागद खाली ठेवला. "नजर गेली, आवाज आला. म्हणजे तुमच्याकडून सगळं बठ्ठं आपोआप झालं, तुम्ही काहीच केलं नाही. आणि मी, जिने सांगितलं, ती गप्पा मारत होती? बावीस वर्षांत मी डॉक्टरांशी गप्पा मारल्या नाहीत, सर. तुम्हीही कधी मारल्या नाहीत. आमचं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?"

डॉक्टरांची नजर तिच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे गेली. या वेळी ती आपोआप गेली नव्हती.

कोकिळाने पेन घेतलं. 'टॉक्ड'वर काट मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात, जीवराम सरांनी घोटवलेल्या इंग्रजीत, लिहिलं की पेशंटला पेनिसिलिन चालत नाही असं मी डॉक्टरांना सांगितलं. मग सही केली.

"हे भारी पडेल तुम्हाला," योगेंद्र सर म्हणाले. "उद्यापासून येऊ नका. पत्र देतो."

तिची पाळी संपायला अर्धा तास होता. तो तिने पुरा केला. दुपारपाळीच्या मेघाला घेऊन ती खाटेखाटेपाशी गेली, कोणाचं सलाइन, कोणाची साखर, सगळं सांगितलं आणि दर खेपेला म्हणाली, "आता तू मला म्हणून दाखव." मेघा डोळे पुसत म्हणून दाखवत होती.

आबांच्या खाटेपाशी भिकुबाईंनी तिचा हात धरला. "मी आठेच, खाटपाशी उभी व्हतू ना, ताई. तुनी सांगं, त्यानी मान हालाई. बठ्ठास्ले सांगसू मी. कोनले भ्याव शे का?"

"त्यांच्या कागदावर तुमची सही नाही घेतली, अक्का?"

"माले कोनी इचारंच नही."

आबांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. कोकिळाने एक हात त्यांच्या पाठीखाली, एक कमरेखाली घातला. तेवढ्यात योगेंद्र सर एक अर्धवट टाइप केलेला कागद घेऊन वॉर्डात आले. ते जरा घुटमळले. तिचे हात मोकळे होईपर्यंत थांबावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

"सिस्टर, तुमच्या पत्रात 'सस्पेंड' घालू की 'टर्मिनेट'? समितीच्या फाइलला लागणार, चुकायला नको. जीवराम सर फोन उचलत नाहीत. फरक तेवढा सांगता का जरा?"