झंझावाताचा माथा

शिवऱ्याच्या वरच्या अंगाला गेनूचं टोमॅटोचं वावर आहे. तिथून हायवे दिसतो आणि हायवेपलीकडं नव्या करमणूक बागेचं आवार दिसतं. त्या आवारात गेली तीन वर्षं एक रोलर कोस्टर उभा राहत होता. कंपनीनं त्याचं नाव ठेवलं होतं 'झंझावात'. गाव त्याला पाळणा म्हणायचं.

रविवारी सकाळी या वावराच्या बांधावर दोन माणसं हमखास येऊन बसायची. एक उपेंद्र, भोरच्या विमा कचेरीत कामाला. काही वर्षांपूर्वी कचेरीच्या सहलीत तो पहिल्यांदा असल्या झुल्यात बसला, आणि बाकीचे उलट्या आवरत होते तेव्हा हा परत रांगेत जाऊन उभा राहिला. तेव्हापासून वेड लागलं ते लागलंच. दुसरी शेफाली. तिचा भोरमध्येच दातांचा दवाखाना होता. दोघांची ओळख मोबाईलवरच्या 'झंझावात प्रेमी' नावाच्या ग्रुपमध्ये झाली, आणि ओळख झाली त्याच दिवशी त्यांचं वाजलं.

ग्रुपमध्ये पुण्या-साताऱ्याची पुष्कळ मंडळी होती, पण पक्ष दोनच. एक 'होणार', दुसरा 'न होणार'. न होणारवाल्यांचा म्होरक्या उपेंद्र. कंपनीची ऐपत संपली आहे, रुळांचे तुकडे गंजत पडलेत, आपण म्हातारे होऊ पण यात बसायला मिळायचं नाही, असं त्याचं म्हणणं. शेफाली म्हणायची की सामान जहाजानं येतं, पावसाळ्यात क्रेन चालत नाही, आणि ज्यात जीव टांगायचा ते काम घाईनं झालेलं कुणाला हवंय? मग उपेंद्र विचारायचा, दवाखान्यात एक दाढ भरायला तू तीन वर्षं घेतेस का. असं सगळा आठवडा मोबाईलवर चालायचं आणि रविवारी तेच बांधावर समोरासमोर.

अडलं होतं एका तुकड्यापाशी. सगळ्यात उंच चढ दोन्ही बाजूंनी वर येऊन थांबला होता आणि माथ्यावर मधोमध फट राहिली होती. ती फट जोडणारा लाल तुकडा दिवाळीपासून खाली जमिनीवर पडून होता. तो चढताना डोळ्यांनी बघायचा, त्याची फिल्म काढायची, एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचं एकमत होतं.

गेनूला सुरुवातीला हे दोघं जमिनीचे एजंट वाटले होते. तसं नाही म्हटल्यावर त्यानं बसू दिलं. त्याची बायको बाळाबाई टोमॅटो तोडता तोडता त्यांचं बोलणं ऐकायची आणि हसायची. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिनं आपलं मतही देऊन टाकलं.

"त्यो पाळणा काय व्हायचा न्हाई," ती म्हणाली. "मोठ्या लोकांची कामं अशीच. सुरू करायची न् सोडून द्यायची."

तिनं खरं तर उपेंद्रचीच बाजू घेतली होती. पण तो त्या दिवशी शेफालीकडून वादात हरलेला होता आणि चिडलेला होता. त्यानं वावराच्या दुसऱ्या बाजूला, खालच्या खोलगटात बोट दाखवलं. तिथं गावचं देऊळ होतं आणि देवळापुढं आठ नुसते खांब. वर छप्पर नाही, गजांची टोकं आभाळात, एका गजाच्या बेचक्यात कावळ्याचं घरटं.

"मग ते काय आहे?" त्यानं विचारलं.

"सभामंडप," गेनू म्हणाला.

"कधी सुरू केला?"

गेनूनं आठवून पाहिलं. त्यांची मुलगी नूतन लग्न होऊन वरव्याला गेली, त्या वर्षी खांब उभे राहिले. आता नूतनचा पोरगा शाळेत जात होता. हे त्यानं सांगून टाकलं आणि तो परत टोमॅटोकडं वळला.

उपेंद्रनं फोटो काढला आणि ग्रुपमध्ये टाकला. गंमत म्हणून टाकला. पण ग्रुपला महिनाभर नवं काही मिळालेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सभामंडपावरही दोन पक्ष पडले. कुणी गजांची जाडी विचारली, कुणी फोटो मोठा करून कावळ्याची अंडी मोजली, कुणी पैज लावली की आधी झंझावात धावेल. तो फोटो या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरत वरव्यात नूतनच्या नवऱ्यापर्यंत पोचला, आणि नूतनचा आईला फोन आला. सासरी सगळे हसत होते.

बाळाबाई त्या दिवशी जेवली नाही. गेनूवर चिडली, उपेंद्रवर चिडली, आणि मग तिच्या लक्षात आलं की चिडण्यासारखं खरं एकच होतं. सभामंडप सामानावाचून अडलेला नव्हता. तो अडला होता पायऱ्यांवरून. गेनूच्या भावकीला पायऱ्या पूर्वेला हव्या होत्या. कुंडलिकाच्या भावकीला त्या उत्तरेला, रस्त्याच्या बाजूनं हव्या होत्या. कुंडलिक गावातला जाणता माणूस, पण एकदा नाही म्हणाला की म्हणाला. त्याचं आणि गेनूचं बोलणं बंद होऊन किती काळ झाला हे दोघंही विसरले होते.

दुसऱ्या दिवशी बाळाबाई स्वतः कुंडलिकाच्या दारात गेली. तो ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. तिनं चहा घेतला नाही.

"भावजी, आदी वरचा स्लॅब टाका," ती म्हणाली. "पायऱ्या कुठं करायच्या ते मग त्याच्या सावलीत बसून भांडा. आता तुमी उन्हात भांडताय."

कुंडलिकानं सुपारी बाजूला ठेवली. हसला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. संध्याकाळी तो गेनूच्या घरी आला आणि जणू काल भेटल्यासारखं खडी कुठून आणायची ते विचारू लागला.

स्लॅबचा दिवस चैत्रातल्या एका रविवारी ठरला. त्याच आठवड्यात बागेच्या आवारात एक मोठी क्रेन आली होती. ग्रुपमध्ये खळबळ उडाली. पण कंपनीच्या माणसानं तुकडा पुढच्या आठवड्यात चढवणार म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे उपेंद्र आणि शेफाली रविवारी आले ते नुसती क्रेन बघायला. वाटेत देवळापाशी बाळाबाईनं त्यांना अडवलं. मिक्सरवरची चार माणसं आली नव्हती.

"फोटो काढलाय न्हवं?" ती उपेंद्रला म्हणाली. "मग आता घमेलं घ्या."

त्यानं बूट काढले. शेफालीनं ओढणी कमरेला बांधली. एकदा सुरू झालेला स्लॅब मधे थांबवता येत नाही. माणसांची ओळ लागली आणि घमेली हातोहात वर जाऊ लागली. उपेंद्रच्या एका बाजूला गेनू होता, दुसऱ्या बाजूला कुंडलिक. तासाभरात त्याचे खांदे भरून आले, दोन तासांनी हातांना फोड आले, आणि तरी ओळीतून बाहेर पडावं असं त्याला वाटलं नाही. खोलगटातून हायवे दिसत नव्हता. पाळण्याची आठवण कुणालाच झाली नाही.

दुपार टळल्यावर आमटी-भात आणि बुंदी खाऊन दोघं वावरात चढले आणि बांधावर उभे राहिले. माथ्यावरची फट बुजलेली होती. लाल तुकडा जागच्या जागी बसला होता, क्रेननं मान खाली घातली होती, आणि आवारात चिटपाखरू नव्हतं.

पुढच्या आठवड्याचं म्हणून सांगितलेलं काम आजच उरकलं होतं.

वावरात गेनूची आई ठकुबाई होती. सगळा गाव स्लॅबवर असल्यानं वानरं हाकायला तिला बसवलं होतं. उपेंद्र तिच्याकडं धावला. तुकडा चढताना तिनं पाहिला का?

"बघितला की," ठकुबाई म्हणाली. "वर न्हेला. ठिवला. मग मानसं खाली उतरून जेवली."

"कसा नेला? हलला का? वारा होता का?"

"मला काय ठावं. म्या वांदरं बघत हुते."

मग शेफालीनं तिच्याशेजारी बसून शांतपणे विचारलं की आजी, हळू गेला की भरभर? ठकुबाईनं बराच विचार केला.

"सावकाशच म्हनायचं," ती म्हणाली. "तवर दोनदा वांदरं यिऊन गेली."

उपेंद्र म्हणाला, बघ, सावकाश. शेफाली म्हणाली, दोनदाच तर आली. आणि हे बोलताना दोघंही हसायला लागले, सिमेंटचे हात घेऊन, ठकुबाई त्यांच्याकडं बघत राहिली तरी थांबेनात. ग्रुपनं फिल्म मागितली तेव्हा उपेंद्रकडं स्लॅबचे फोटो तेवढे होते. त्यानं तेच टाकले. शिव्या पुष्कळ खाल्ल्या.

पुढच्या रविवारी तो बांधावर आधी गेलाच नाही. देवळापाशी उतरला आणि शिडी लावून स्लॅबवर चढला, पाणी नीट साठवलंय का ते बघायला. खाली कुंडलिक आणि गेनू बोलत होते. कुंडलिकाच्या भाचीचं लग्न जवळ आलं होतं; मंडपाखाली पंगत बसवायची तर टेकू आणि फळ्या आत्ताच काढाव्या लागणार होत्या. उपेंद्र वरूनच ओरडला की मुळीच काढायच्या नाहीत.

"डोक्यावर पडेल कुणाच्या," तो म्हणाला. "इतकी वर्षं थांबलात, आता कशाला घाई करताय? ज्या कामाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागू द्या."

शिडीच्या पायाशी शेफाली उभी होती. तिनं मोबाईल काढला, वर धरला, आणि हेच पुन्हा एकदा जरा मोठ्यानं म्हणशील का, असं त्याला अगदी गोड आवाजात विचारलं.